बगळ्याचा थर

"सत्त्याण्णव! निलोफर, अगं सत्त्याण्णव झाले!"

तन्मयी मगदूम एवढ्या जोरात ओरडली, की तिच्या हातातली मेणाची कवळी सुटून थेट टेबलाखाली गेली. मिरजेतल्या त्या दातांच्या लॅबमध्ये एरवी ग्राइंडरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नसे. शेजारच्या टेबलावर निलोफर जमादार एका दाढेला रंगाचा शेवटचा हात देत होती. तिनं ब्रश खाली ठेवला, फोन हिसकावून घेतला आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

"या अल्ला! काल चौऱ्याण्णव होते ना?"

"सकाळी पंच्याण्णव होते. आता सत्त्याण्णव. यादीत तिसरी आहे मी. तिसरी!"

"मग या कवळ्या कोण करणार गं?"

"तू कर. मी चालले नाशिकला."

अजून कुणी बोलावलं नव्हतं, पण बाईसाहेब निघाल्यासुद्धा! तिला हसू नका. पाच वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. 'नाखवीण' ही अॅनिमेशन मालिका सुरू झाली तेव्हा तन्मयी वीस वर्षांची होती. समुद्रानं गिळलेल्या गावांमधून होडी हाकणारी मोरवी आणि तिचा एका नांगीचा यंत्रखेकडा ढब्बू, या दोघांनी तिला पहिल्याच भागात खिशात टाकलं. तेव्हापासून रोज दुपारच्या डब्याच्या सुट्टीत, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात डिजिटल पेन धरून तिनं मोरवी काढली होती. हसणारी मोरवी, भांडणारी मोरवी, मासे खारवणारी मोरवी. काढायची आणि 'नाखवीणवेडे' नावाच्या चाहत्यांच्या गटावर टाकायची, हा तिचा नेम होता.

आता मालिकेचा शेवटचा हंगाम येणार होता. नाशिकच्या स्टुडिओनं जाहीर केलं होतं, की शेवटचं पोस्टर चाहत्यांपैकी एकाचं असेल आणि ज्याचं पोस्टर, त्याला स्टुडिओत वर्षभराचं काम. रविवारी संध्याकाळी पाचला यादी बंद होणार. पहिली वीस चित्रं स्टुडिओतली माणसं बघणार, बाकीची बघणारसुद्धा नाहीत. आणि त्या विसात यायचं, तर नजरमापावर नव्वदच्या वर हवं.

नजरमाप म्हणजे काय ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको.

आपल्याला वाटतं, आपण अख्खं चित्र एका दमात बघतो. तसं मुळीच नसतं. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढाच भाग डोळ्याला एका वेळी लख्ख दिसतो, बाकी सगळं धूसर. मग डोळा करतो काय, तर उड्या मारतो. एका सेकंदात तीन-चार उड्या. या उड्यांचे तुकडे जोडून मेंदू आपल्याला अख्खं चित्र दाखवतो आणि आपण समजतो, बघितलं बुवा. फोनच्या कडेला न दिसणाऱ्या प्रकाशाचे बारीक दिवे बसवले, की तो प्रकाश बुबुळावरून परत फिरतो आणि नजर कुठं टेकली, किती वेळ टेकली, बाहुली कितीनं रुंदावली, सगळं कळतं. हे तंत्र जुनंच. पण दोन वर्षांपूर्वी ते प्रत्येक फोनमध्ये आलं आणि चित्र टाकल्यावर दहा मिनिटांत चित्रकाराच्या हातात नकाशा पडू लागला. नजर खिळली ती जागा लाल, घसरली ती निळी, आणि वर शंभरपैकी एक आकडा.

त्याच्या पाठोपाठ 'सावर' आलं. हे सॉफ्टवेअर तो नकाशा वाचून चित्र आपसूक दुरुस्त करायचं. लाल जागा उजळ, निळ्या जागा मंद. पुन्हा मोजणी, पुन्हा दुरुस्ती. सात-आठ फेऱ्यांत साठाचे नव्वद व्हायचे. कुणाला आवडणार नाही?

पूर्वी त्या गटात एक रीत होती. आपलं चित्र टाकण्याआधी दुसऱ्यांच्या दोन चित्रांवर लाल थर चढवायचा. म्हणजे चित्राच्या वर एक पारदर्शक थर घ्यायचा, चूक दिसेल तिथं लाल रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, कोपर इथं वाकतं, सावली तिकडं पडते. 'आधी दोन लाल, मग आपलं' असं गटाच्या दारावरच लिहिलेलं होतं. कुणी लाल थर मागितला तर चित्राची उघडी, म्हणजे सगळे थर सुटे असलेली, फाइल द्यायला नाही म्हणायचं नाही, हाही त्याच रितीतला भाग. नजरमाप आलं आणि कुणी कुणाला काही सांगेनासं झालं. आकडा सांगतोच की! चित्राखाली आता फक्त फुलं आणि बदाम पडायचे.

म्हणूनच त्या बुधवारी सत्त्याण्णवच्या खाली शब्द दिसले, तेव्हा तन्मयी चक्रावली. चांगला लांबलचक मजकूर होता. लिहिणाऱ्याचं गटातलं नाव होतं 'मोजणीदार'.

"चित्र देखणं आहे," त्यानं लिहिलं होतं. "पण हा प्रसंग कुठला? मोरवी आपल्या हातानं आपली होडी बुडवते तो. मग होडी कुठाय? डाव्या कोपऱ्यात काळपट काहीतरी आहे, ती होडी असावी असा माझा अंदाज. मोरवीच्या गालावर एवढा उजेड कुठून आला? सूर्य तर तिच्या पाठीमागं आहे. ती रडतेय, पण कुणीतरी फोटो काढणार असल्यासारखी रडतेय. तू तीन वर्षांपूर्वी ढब्बूची नांगी दुरुस्त करणारी मोरवी काढली होतीस. तिच्या दातात स्क्रू होता. ती मला अजून दिसते. ही दिसत नाही. उघडी फाइल पाठवशील का? लाल थर चढवून देतो."

तन्मयीचं डोकंच फिरलं.

"कोण हा? सत्त्याण्णव! सत्त्याण्णव आहेत मला! आणि हा शहाणा होडी शोधतोय!"

"होडी मंद कुणी केली? तू?" निलोफरनं विचारलं.

"सावरनं केली. तिच्यावर कुणाची नजर थांबतच नव्हती, मग काय करणार? तूसुद्धा त्याच्या बाजूनं बोल आता."

"मी कुणाच्या बाजूनं नाही बाई. मी दाढेच्या बाजूनं."

डब्याची सुट्टी झाली होती. तन्मयीनं भाकरीला हातसुद्धा लावला नाही. त्याच फाइलवर तिनं एक नवा थर घेतला आणि पेन धरलं ते असं, की भांडायलाच निघाली आहे. दहा मिनिटांत एक बगळा उभा राहिला. काटकुळे पाय, फुगवलेली छाती, काखेत फूटपट्टी. चोचीच्या जागी लाल पेन्सिल. चित्रांच्या ढिगावर एका पायावर उभा राहून तो मान तिरपी करून, एका डोळ्यानं खाली बघत होता आणि त्या डोळ्यात जगातल्या सगळ्या चित्रकारांबद्दलची कीव मावत नव्हती. खाली तिनं लिहिलं, 'श्रीयुत मोजणीदार, होडीच्या शोधात'.

निलोफर एवढी हसली, की तिला ठसका लागला. लॅबचा माल दवाखान्यांत पोचवणारे सदामामा डबा घेऊन आले, त्यांनीही बघितला आणि म्हणाले, "हा आमच्या तलाठ्यासारखा दिसतोय की!"

तन्मयीचा राग जरा उतरला. तरी खुमखुमी होतीच. रीत म्हणजे रीत. फाइल मागतोय ना, घे म्हणावं आणि करून दाखव! अशा फाइलमध्ये प्रत्येक थराच्या नावापुढं एक छोटा डोळा असतो. तो मिटला की थर दिसत नाही. दिसत नाही, पण असतो. तन्मयीनं बगळ्याचा डोळा मिटला, मोरवीचे थर एकदा तपासले आणि उघडी फाइल पाठवून दिली.

चित्रं काढणाऱ्या माणसांनाच हा मूर्खपणा जमतो!

तो तिच्या ध्यानात आला गुरुवारी सकाळी, अकराच्या सुमारास. मोजणीदाराकडून फाइल परत आली होती. तिनं सहज उघडली आणि थरांच्या यादीत बगळ्याच्या नावापुढचा डोळा उघडा दिसला. तिचे कान तापले. मेण कोरायची सुरी हातात तशीच राहिली.

"निलोफर, मेले मी. बगळा गेला त्याच्याकडे."

"उडून?"

"थट्टा नको गं! थर पुसायचा राहिला."

मोरवीच्या चित्रावर लाल रेघा होत्या, पण मोजक्याच. जाड, कापऱ्या. लहान मुलानं मारल्यासारख्या. एक बाण होडीकडे, एक गालाकडे आणि एक प्रश्नचिन्ह. बगळ्यावर मात्र चोचीपासून नखांपर्यंत बरोबरच्या खुणा होत्या! मानेच्या बाकापाशी दोन. डोळ्यापाशी तर तीन. सोबत आवाजाचा एक निरोप होता. तन्मयीनं निलोफरचा हात घट्ट धरला आणि तो लावला.

"नमस्कार," म्हाताऱ्यासा, खडखडीत आवाज आला. "बगळा पोचला. झकास आहे! अगं, पाच वर्षांत तू काढलेलं सगळ्यात जिवंत चित्र हे. एक रेघ फुकट नाही. तुला राग आला होता आणि तो कुठं कुठं दाखवायचा ते तुझ्या हाताला माहीत होतं. आता एक कर. तुझं सत्त्याण्णवचं चित्र आणि हा बगळा, दोन्ही ज्यांनी बघितलीत, त्यांना एक दिवस जाऊ दे आणि मग विचार, काय आठवतंय. मला काही सांगू नकोस. तुझं तूच बघ. आणि फूटपट्टी वापरत नव्हतो मी, साखळी वापरायचो. तेवढी दुरुस्ती कर."

मग निलोफर म्हणाली, "माणूस गोड आहे."

"गोड? मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतंय!"

पण प्रयोगाची कल्पना तिच्या डोक्यात घुसली ती घुसलीच. बुधवारीच लॅबमधल्या सगळ्यांनी दोन्ही चित्रं बघितली होती आणि निलोफरनं घरी आईलाही दाखवली होती. शुक्रवारी सकाळी तिनं सदामामांना दारातच गाठलं.

"मामा, परवा माझं चित्र बघितलं ना तुम्ही, मोठं, रंगीत? काय होतं त्यात?"

"हां, बघितलं की. फार सुंदर. मुलगी होती एक."

"आणि?"

"आणि... उजेड होता. पाणी होतं का गं? डोंगर असेल."

"मुलगी काय करत होती?"

"हसत होती," मामा खात्रीनं म्हणाले.

तन्मयीनं डोक्याला हात लावला. "आणि दुसरं काय बघितलं होतं?"

"तो बगळा!" मामांचा चेहरा उजळला. "काखेत फूटपट्टी, चोच लाल. असा बघत होता!" आणि भर रस्त्यात एका पायावर उभं राहून, मान तिरपी करून त्यांनी अख्खा बगळा करून दाखवला. डब्यांची पिशवी पडता पडता वाचली.

निलोफरच्या आईला फोन लावला, तर तिनंही मोरवीबद्दल सांगितलं, "छान होती, जाहिरातीतल्यासारखी." लॅबच्या मालकीणबाईंना कानातलं आठवलं. होडी कुणालाच आठवेना. आणि बगळ्याच्या पायाखालच्या ढिगात एक चित्र उलटं होतं, हेसुद्धा तिघांपैकी दोघांना आठवलं!

वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिला झिणझिण्या आल्या होत्या. काहीतरी सापडलं होतं. नजर खिळणं एक आणि चित्र डोक्यात राहणं दुसरं, हे दोन वर्षांत कुणी मोजलंच नव्हतं, आणि ते तिनं सदामामांवर मोजलं होतं. तिनं डबा बाजूला सारला आणि मोजणीदाराला सरळ व्हिडिओ कॉल लावला. माफीही मागायची होतीच.

पडद्यावर साठी उलटलेले एक गृहस्थ आले. मागं चिऱ्याची भिंत, भिंतीवर तालुक्याचा जुना नकाशा. ते फोनकडे बघतच नव्हते. मान डावीकडे वळवून, खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"नमस्कार, मी तन्मयी. बगळ्याबद्दल... मला खरंच फार—"

"अगं, ये ये! मी मुकुंद खातू, लांज्याहून. बोल."

"तुम्हाला कुणाशी बोलायचंय का? मी नंतर करू?"

"का गं?"

"तुम्ही तिकडं बघताय."

खातू हसले. "तुझ्याचकडे बघतोय. समोर बघितलं तर दिसत नाहीस. माझ्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, पाच वर्षं झाली. मधोमध एक राखाडी डाग. कडेनं दिसतं, म्हणून मान वाकडी करून बघतो. एका डोळ्यानं, तिरपा."

तन्मयीला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. बगळ्याची तिरपी मान, तो एक डोळा, त्यावरच्या तीन खुणा.

"काका! मला माहीत नव्हतं हो! देवाशपथ, मला..." तिला रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय! मी तर म्हटलं, हिला कुणी सांगितलं? बायकोला दाखवला, ती म्हणाली, हुबेहूब. छापून भिंतीवर लावणार आहे. रडू नकोस, नाहीतर मलाही काही सुचणार नाही."

नाक पुसत पुसत तन्मयी हसली. निलोफरनं मागून पाण्याचा ग्लास पुढं केला.

"मी भूमापक होतो," खातू सांगू लागले. "छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, नकाशे काढले. आणि आता तुमचं ते यंत्र माझी नजर मोजतच नाही. 'नजर अवैध' असं येतं. नखाएवढा लख्ख भागच नाही ना माझ्याकडे, मग नजर टेकवणार कशी? म्हणून मी लिहितो. दुसरं करणार काय? एक चित्र मोठं करून, तुकड्यातुकड्यानं बघायला मला तास लागतो. तुकडे डोक्यात जुळवावे लागतात. तुझा स्क्रूवाला तुकडा जुळवताना मजा आली होती. परवाचे तुकडे जुळवले आणि मधे काहीच निघालं नाही."

"पण सत्त्याण्णव आहेत, काका. दुसरं काढलं आणि नव्वदच्या खाली गेलं, तर मी यादीतून बाहेर. नाशिक गेलं. परत कवळ्या."

"ते खरंच आहे," ते म्हणाले. "त्यात मी काय सांगू? जायचंय तुला. मी फक्त होडी कुठाय एवढं विचारलं."

एवढं विचारून त्यांनी तिची झोप उडवली, ते निराळं.

शनिवारी लॅबला अर्धा दिवस सुट्टी. तन्मयी घरी गेलीच नाही. 'सावर' बंद केलं, मोरवीचा तो चकचकीत चेहरा बंद केला आणि कोरा थर घेतला. आधी होडी काढली. चित्रभर होडी, कलंडलेली, एक फळी उचकटलेली, तिच्यावर पाच हंगामांचे ओरखडे. मग तिच्यापुढं घोट्याभर चिखलात अनवाणी उभी, उजवा पाय बाहेर काढत असलेली मोरवी, लहानशी, पाठमोरी. चेहरा नाहीच. होडीच्या दोराचं टोक मात्र अजून तिच्या हातात, आणि दुसऱ्या हाताचा पंजा ढब्बूच्या डोळ्यांवर, त्याला दिसू नये म्हणून. हे ढब्बूचं आपोआप आलं. हातानं आपणच काढलं आणि तन्मयी "अरेच्चा!" म्हणून उठून उभी राहिली. टेबलाभोवती तिनं दोन फेऱ्या मारल्या. अंगात वारं भरलं होतं तिच्या!

रविवारी दुपारी तीनला निलोफर लॅबवर आली. स्पर्धेला पाठवण्याआधी चाचणी म्हणून तन्मयीनं चित्र गटातल्या शंभर जणांना दाखवलं होतं. आकडा आला होता एकसष्ट.

"एकसष्ट?" निलोफर किंचाळली. "वेड लागलंय का तुला? ते सत्त्याण्णववालं राहू दे की तिथंच! हे नंतर टाक, कुणी धरलंय?"

"मीपण तेच म्हणत होते," तन्मयी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पण हे बघ ना. नकाशात लिहिलंय, नवव्या सेकंदाला नजर पडद्यावरून उडते. जवळजवळ सगळ्यांची. त्याचेच मार्क कापलेत. नवव्या सेकंदाला एवढं काय वाईट आहे ते मला सापडेना. तू बघ. मी तुझ्याकडे बघते."

निलोफरनं फोन हातात घेतला. तन्मयी तिच्या डोळ्यांकडे बघत मनात आकडे मोजू लागली. डोळे होडीवर गेले. दोरावर आले. दोरावरून मोरवीच्या हातावर. मग ढब्बूवर, आणि तिथं थांबले. आठ. नऊ. निलोफरनं मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर समोरच्या दवाखान्याची बंद शटरं होती, बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही," निलोफर म्हणाली. "अब्बांनी असाच हात ठेवला होता माझ्या डोळ्यांवर. आमचं जुनं घर पाडत होते तेव्हा. जाऊ दे."

तन्मयीला उलगडलं. नजर उडते ती अशी! चित्र नको म्हणून नाही, सोसत नाही म्हणून. आणि यंत्रानं त्याचे मार्क कापले होते. शंभरातल्या कितीतरी जणांनी असंच कुठल्यातरी खिडकीबाहेर बघितलं होतं आणि ते सगळं तिच्या नावावर उणे पडलं होतं. तिला हसावं की रडावं कळेना. तिनं निलोफरला घट्ट मिठी मारली.

चार वाजून पन्नास मिनिटांनी यादीत ती अजून तिसरी होती. 'चित्र बदला' या बटणावर अंगठा ठेवून ती बसली. नाशिकची ती मोठी काचेची इमारत तिनं फोटोत शंभरदा बघितली होती. आपलं टेबल कुठल्या खिडकीशी असेल, तेही ठरवून झालं होतं. बटण दाबलं की ते सगळं गेलं, याची तिला पूर्ण कल्पना होती. कुणी वाचवायला येणार नव्हतं.

"नको दाबूस," निलोफर म्हणाली. मग म्हणाली, "दाब."

तिनं दाबलं.

दहा मिनिटांत नव्या चित्राला छप्पन्न गुण पडले. पाच वाजता यादी बंद झाली आणि पहिल्या विसात तन्मयी मगदूम हे नाव नव्हतं. मग तिनं उठून चहा टाकला, दोघींनी तो प्याला आणि दोघीही घरी गेल्या. रात्री तिनं फोन उघडला नाही. खूप लागलं होतं, उगीच कशाला लपवायचं?

सोमवारी लॅबमध्ये फोन चालू केला, तर तो थांबेनाच. गटावर चित्राखाली शब्द पडले होते. फुलं नाहीत, बदाम नाहीत, शब्द! दीडशेच्या वर. एकीनं लिहिलं होतं, 'मी काल बघून फोन बंद केला, आज परत आले.' कुणी विचारलं होतं, होडीची फळी आतून उचकटली की बाहेरून? कुणी म्हणत होतं, दोर ओला असेल तर असा वळत नाही, आणि सोबत लाल रेघेनं वळवून दाखवला होता. दोन वर्षांनी गटावर लाल थर चढत होते. लोक एकमेकांच्या लाल रेघांवर भांडत होते. तन्मयी वाचत होती आणि निलोफरला ओरडून सांगत होती, "हे बरोबर आहे! हे चूक! हा बघ काय म्हणतोय!"

आणि त्या ढिगात एक लाल थर होता, ज्याच्यापुढं नाव होतं अश्लेषा कुडाळकर.

अश्लेषा कुडाळकर म्हणजे स्टुडिओतली ती बाई, जिनं मोरवीला पहिल्यांदा कागदावर उतरवलं. तिनं काढली नसती, तर मोरवी नसतीच. ती चाहत्यांच्या गटावर कधी एक शब्द लिहीत नसे.

लाल रेघ एकच होती, मोरवीच्या उजव्या पायाशी. बाजूला लिहिलं होतं, "सगळं वजन डाव्या पायावर घेतलंय, मग उजवी टाच उचललेली हवी. आणि ती अनवाणी आहे. चिखलातून पाय काढताना बोटांच्या मधून चिखल वर येतो, पाऊल असं स्वच्छ निघत नाही. मी पाच वर्षं मोरवीचे पाय चुकीचे काढत आले, हे मला तुझ्या चित्रावर रेघ मारताना कळलं. पोस्टर दुसऱ्याचं ठरलंय, त्यात माझा इलाज नाही. पण हा पाय नीट करून मला पाठव. मला बघायचाय."

मग तन्मयी अशी ओरडली, की मालकीणबाई धावत बाहेर आल्या.

"पाय चुकलाय! माझा पाय चुकलाय!"

"कुठं पडलीस? लागलं का?"

"नाही हो बाई! कुडाळकर मॅडम म्हणतायत, पाय चुकलाय!" ती हसत होती, डोळे पुसत होती आणि त्याच हातानं खातूकाकांना फोन लावत होती. "काका, पाय चुकलाय माझा!"

"कुठला?" खातूंनी ताबडतोब विचारलं.

"उजवा. टाच उचललेली हवी."

"थांब. फोन ठेवू नकोस." पलीकडे बराच वेळ खुडबुड झाली. मग आवाज आला तो चांगलाच चिडलेला. "चुकलाय खरा. एवढा ढळढळीत! तास बसलो होतो मी त्या पायावर, मला कसा दिसला नाही? आता पुन्हा काढशील तेव्हा मला आधी पाठव. असं चालणार नाही."

"आत्ताच काढते. पण काका, चिखल बोटांतून वर येताना दिसतो कसा?"

"पाय घालून बघ की!"

तन्मयीनं इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात निलोफरनं साच्यांसाठी नुकतंच कालवलेलं प्लास्टर घमेल्यात तयार होतं. पातळ, गारेगार, करड्या रंगाचं. तन्मयीनं चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि उजवा पाय त्यात घातला.

"तन्मे! अगं ते अकरा माणसांच्या दातांचं प्लास्टर आहे!"

"दुसरं कालवून देईन. पेन दे आधी. लवकर, घट्ट होतंय!"

निलोफरनं कपाळावर हात मारला. मग पेन आणून दिलं, टेबलावरचा दिवा ओढून घेतला आणि घमेल्यापाशी उकिडवी बसून तो खाली धरला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "हं. आता टाच उचल."